डिस्प्ले बफरची अदलाबदल व्हीब्लँकशी अचूक जुळवणे: ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

लिनक्सच्या डीआरएम-केएमएस चौकटीत (कर्नलचा पडदा चालवणारा भाग) डिस्प्ले ड्रायव्हर लिहायला घेतल्यावर पडद्यावर पहिले चित्र आणायला फार वेळ लागत नाही. खरी अडचण दुसऱ्या चित्रापासून सुरू होते, कारण हार्डवेअर एक बफर (चित्र साठवलेली मेमरी) वाचत असतानाच त्याच्या जागी दुसरा द्यायचा असतो आणि पहिला बफर पुन्हा रंगवायला कधी मोकळा झाला हे युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या कार्यक्रमांना) खात्रीने सांगायचे असते. यातले पहिले काम चुकले तर चित्र मधूनच दुभंगलेले दिसते आणि चूक लगेच लक्षात येते. दुसरे चुकले तर ती सहजासहजी सापडत नाही. यंत्रावर भार वाढला की कधीतरी पडद्याच्या एखाद्या भागात पुढच्या फ्रेमचा तुकडा चमकून जातो आणि त्याचा माग काढण्यात आठवडे खर्ची पडतात.

मी पाहिलेल्या बहुतेक चुका एकाच गैरसमजातून आल्या आहेत. रजिस्टर लिहिणे, व्हीब्लँकचा, म्हणजे दोन फ्रेमांमधल्या रिकाम्या काळाचा, इंटरप्ट येणे आणि हार्डवेअरने नवीन पत्ता प्रत्यक्ष उचलणे या तीन वेगळ्या घटना असून त्यांच्यात काही मायक्रोसेकंदांपासून एका पूर्ण फ्रेमपर्यंत अंतर पडू शकते. तिसऱ्या घटनेला आपण लॅच म्हणू. पुढे दिलेला प्रत्येक टप्पा लॅचच्या आधी काय पूर्ण व्हायला हवे आणि लॅचनंतरच काय करता येते, या एका प्रश्नावर उभा आहे.

तयारी: कोड लिहिण्याआधी मोजून घ्यायच्या तीन गोष्टी

हार्डवेअरच्या माहितीपुस्तिकेत ‘रजिस्टर व्हीब्लँकला अद्ययावत होते’ एवढेच वाक्य असते आणि ते पुरेसे नसते. इंटरप्ट नेमक्या कोणत्या ओळीवर येतो, शॅडो रजिस्टरांतील (लॅचपर्यंत नवी मूल्ये थोपवून धरणाऱ्या रजिस्टरांतील) मूल्ये कोणत्या ओळीवर लॅच होतात आणि लॅच झाल्याचा पुरावा कुठे वाचता येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतः मोजून लिहून ठेवावीत.

पहिले उत्तर सोपे आहे. इंटरप्ट हँडलरच्या पहिल्याच ओळीत स्कॅनआउटची, म्हणजे बफर ओळीओळीने पडद्याकडे पाठवण्याची, सद्यस्थिती सांगणारे रजिस्टर वाचा आणि काही हजार वाचनांपैकी सर्वांत लहान मूल्य नोंदवा. सरासरी घेऊ नका, कारण सरासरीत इंटरप्ट पोहोचायला लागलेला विलंबही मिसळलेला असतो.

दुसऱ्या उत्तरासाठी वेगवेगळ्या रंगांचे दोन बफर घ्या, ठरावीक ओळीची वाट पाहून नवीन पत्ता लिहा, आणि हार्डवेअर सध्या जो पत्ता वापरत आहे तो दाखवणारे रजिस्टर तो बदलेपर्यंत वाचत राहा. बदल दिसला त्या क्षणीची ओळ हीच लॅचची ओळ. काही हार्डवेअर व्हीब्लँकच्या पहिल्या ओळीवर लॅच करते, काही व्हीसिंकवर (व्हीब्लँकमधल्या सिंक सिग्नलवर), तर काही पुढची फ्रेम सुरू होण्याच्या थोडे आधी. शेवटच्या प्रकारात इंटरप्ट आला तरी जुनाच पत्ता लागू असतो, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या उत्तराबाबत तडजोड करू नये. चालू पत्त्याचे रजिस्टर, फ्लिप पेंडिंग बिट (बफरची अदलाबदल, म्हणजे फ्लिप, अजून बाकी असल्याची खूण) किंवा हार्डवेअरचा स्वतःचा फ्रेम काउंटर यांपैकी काहीतरी एक हाताशी असायलाच हवे. तिन्ही नसतील तर टप्पा ५ मधील सुरक्षित खिडकीचा मार्ग हाच एकमेव उरतो.

*पडताळणी:* मोजलेली लॅचची ओळ इंटरप्टच्या ओळीच्या आधी आहे की नंतर, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: वेळेचे गणित कागदावर मांडा

१९२० × १०८० या आकाराच्या, सेकंदाला ६० फ्रेमच्या प्रचलित व्हिडिओ टायमिंगमध्ये पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ असतो, एका ओळीत रिकाम्या भागासह २२०० पिक्सेल असतात आणि एका फ्रेममध्ये ११२५ ओळी असतात. म्हणजे एक ओळ सुमारे १४.८ मायक्रोसेकंदांची, व्हीब्लँक ४५ ओळींचा, आणि व्हीब्लँकचा एकूण काळ सुमारे ६६७ मायक्रोसेकंदांचा होतो. त्याच आकाराच्या रिड्यूस्ड ब्लँकिंग टायमिंगमध्ये व्हीब्लँक केवळ ३१ ओळींचा, म्हणजे सुमारे ४६५ मायक्रोसेकंदांचा असतो. रिफ्रेश दर वाढला की फ्रेमचा एकूण काळही आक्रसतो.

हे आकडे मांडायचे कारण असे की ‘इंटरप्ट आला की सगळी रजिस्टरे लिहून टाकू’ ही कल्पना अशा अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदावर विसंबून असते, आणि भाराखाली इंटरप्ट हँडलरला किंवा त्याने जागवलेल्या वर्करला यापेक्षा जास्त उशीर होणे मुळीच दुर्मीळ नाही. गॅमा तक्त्यासारखी शेकडो नोंदींची रचना तर या काळात लिहायला घेऊच नये. तिच्यासाठी हार्डवेअरमध्ये दुसरी बँक असेल तर ती आधी भरून ठेवावी आणि लॅचच्या वेळी केवळ बँक बदलावी.

टप्पा २: नापास होऊ शकणारी सर्व कामे आधी उरका

अ‍ॅटॉमिक कमिटचे (सर्व बदल एकत्र लागू करण्याच्या विनंतीचे) दोन भाग पडतात आणि त्यांच्यामधली सीमा म्हणजे नवीन स्टेट (डिस्प्लेची मांडणी) जुन्याच्या जागी बसवण्याचा क्षण. त्या सीमेनंतर ड्रायव्हरला ‘जमले नाही’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. म्हणून पुढील कामे सीमेच्या आधीच्या भागात ठेवावीत:

१. बँडविड्थ, स्केलर (चित्राचा आकार बदलणारा भाग) आणि प्लेन (चित्राचा एक थर) यांची मर्यादा तपासणे. हे चेक फंक्शनमध्येच व्हायला हवे, म्हणजे केवळ चाचणीपुरता पाठवलेला कमिटही खरे उत्तर देतो.
२. बफर मेमरीत पिन करणे (जागेवरून हलू न देणे) आणि आयओएमएमयूमध्ये (उपकरणांसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) त्याचा मॅप तयार करणे.
३. कमिटला लागणारी सर्व मेमरी, फेन्स (काम संपल्याची खूण) आणि इव्हेंट (युजरस्पेसला पाठवायची सूचना) यांच्या रचनांसह, आधीच मिळवून ठेवणे.

आधीचा नॉनब्लॉकिंग (युजरस्पेसला न थांबवणारा) कमिट पूर्ण व्हायच्या आत त्याच सीआरटीसीसाठी (एका पडद्याचे टायमिंग चालवणाऱ्या घटकासाठी) दुसरा नॉनब्लॉकिंग कमिट आला तर ‘व्यस्त’ हा एरर कोड परत द्यावा. काही ड्रायव्हर अशा वेळी स्वतःच आतमध्ये रांग लावतात आणि युजरस्पेसवर उपकार केल्यासारखे त्यांना वाटते. प्रत्यक्षात कोणती फ्रेम कधी दिसली याचा कंपोझिटरचा (खिडक्या एकत्र करून फ्रेम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हिशेब त्यामुळे कोलमडतो. कमिटची आखणी करणारे डीआरएमचे हेल्पर ही तपासणी करतातच, त्यांना वळसा घालू नये.

*सावधान:* कमिटच्या शेपटाच्या भागात, म्हणजे सीमेनंतर, नेहमीच्या मार्गाने मेमरी मागू नका. मेमरी कमी असेल तर कर्नल जुनी पाने मोकळी करायला निघतो, ती मोकळी होण्यासाठी एखाद्या फेन्सची वाट पाहावी लागू शकते, आणि तो फेन्स तुमच्याच कमिटच्या पूर्ण होण्यावर अवलंबून असेल तर दोन्ही बाजू कायमच्या अडकतात. हा दोष मेमरी मुबलक असलेल्या विकसकाच्या यंत्रावर जवळजवळ कधीच दिसत नाही. लॉकडेप (कर्नलचा लॉक-तपासक) चालू करून फेन्स सिग्नल करण्याच्या मार्गावर त्यासाठीच्या खुणा घातल्या तर तो मात्र पहिल्याच धावेत उघडा पडतो.

टप्पा ३: जीपीयूचे रंगकाम संपेपर्यंत थांबा, पण योग्य जागी

नवीन बफरवर जीपीयू अजून काम करत असेल तर त्याचा पत्ता हार्डवेअरला देण्यात अर्थ नाही. थांबण्याचे दोन मार्ग आहेत. युजरस्पेसने फेन्स स्वतः दिला असेल तर तो प्लेनच्या स्टेटमध्ये असतो. दिला नसेल तर बफरच्या रिझर्व्हेशन ऑब्जेक्टमधून (बफरचे फेन्स जपणाऱ्या रचनेतून) लिहिणाऱ्याचा फेन्स काढून घ्यावा लागतो. जेम (डीआरएमचा बफर-व्यवस्थापक) बफरसाठीचा प्लेन हेल्पर हे दुसरे काम करतो, आणि ड्रायव्हरने बफर-तयारीचे स्वतःचे फंक्शन दिले असेल तर त्यातून तो न बोलावणे ही नवीन ड्रायव्हरांतील नेहमीची चूक आहे. लक्षण ठरलेले असते: साधी चित्रे नीट दिसतात, पण त्रिमितीय दृश्ये अर्धवट रंगवलेली दिसतात.

ब्लॉकिंग कमिटमध्ये स्टेट बदलण्याच्या आधी थांबावे, म्हणजे वापरकर्त्याने प्रक्रिया थांबवली तर मागे फिरता येते. नॉनब्लॉकिंग कमिटमध्ये मात्र हे थांबणे वर्करमध्येच व्हायला हवे. आयओसीटीएलच्या (युजरस्पेसने कर्नलला केलेल्या कॉलच्या) मार्गात थांबलात तर नॉनब्लॉकिंग या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. बफर फक्त दोन असतील आणि जीपीयूला एका फ्रेमसाठी १७ मिलिसेकंद लागत असतील, तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते आणि वेग निम्म्यावर येतो. ही ड्रायव्हरची चूक नाही आणि ती लपवण्यासाठी फेन्सची वाट न पाहता फ्लिप करणे हा उपाय नाही. तिसरा बफर घेणे हा निर्णय युजरस्पेसचा आहे.

टप्पा ४: लिहिलेले खरोखर पोहोचले आहे याची खात्री करा

सीपीयूने रंगवलेला बफर कॅशेमध्ये अडकलेला असू शकतो. डिस्प्ले इंजिन कॅशेशी सुसंगत नसेल तर डीएमएच्या ठरलेल्या कॉलने तो भाग मेमरीत उतरवावा. राइट-कंबाइन (लेखने साठवून एकत्र पाठवणारे) मॅपिंग असेल तर बफरमधील लेखन आणि गो बिट (शॅडो मूल्ये पुढच्या लॅचला लागू करायला सांगणारा बिट) यांच्यामध्ये लेखनाचा बॅरियर (आधीची लेखने आधी पूर्ण करवणारी सूचना) असावा. रजिस्टर लिहिण्याच्या नेहमीच्या फंक्शनमध्ये हा बॅरियर असतो, रिलॅक्स्ड प्रकारात नसतो. वेग वाढवायचा म्हणून सगळीकडे रिलॅक्स्ड प्रकार वापरला असेल तर निदान गो बिटचे शेवटचे लेखन तरी नेहमीच्या फंक्शनने करावे.

पीसीआयईवरील लेखन पोस्टेड असते, म्हणजे सीपीयूच्या दृष्टीने सूचना पूर्ण झाली तरी ते उपकरणापर्यंत पोहोचलेले असेलच असे नाही. गो बिट लिहिल्यानंतर त्याच उपकरणाचे एखादे रजिस्टर परत वाचले की आधीची लेखने पोहोचली असे धरता येते.

*पडताळणी:* पडद्यावर आडवे, बारीक, ६४ बाइटांच्या पटीत लांबी असलेले जुन्या रंगाचे तुकडे दिसत असतील तर दोष फ्लिपच्या वेळेत शोधू नका. ते कॅशेच्या ओळींचे अवशेष असतात.

टप्पा ५: रजिस्टर लिहिणे आणि इव्हेंट नोंदवणे

हा या सगळ्या प्रक्रियेचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे सावकाश जाऊ.

युजरस्पेसला पाठवायचा इव्हेंट ‘पुढच्या व्हीब्लँकला पाठव’ असे सांगून डीआरएमकडे सोपवता येतो. याला इव्हेंट आर्म करणे म्हणतात. आता समजा, ड्रायव्हरने आधी रजिस्टरे लिहिली आणि मग इव्हेंट आर्म केला. या दोन कृतींच्या मध्ये व्हीब्लँक येऊन गेला, तर नवीन बफर पडद्यावर गेलेला असतो पण इव्हेंट पुढच्या व्हीब्लँकला, म्हणजे एक फ्रेम उशिरा जातो. क्रम उलटा करून पाहा: आधी इव्हेंट आर्म केला, मग रजिस्टरे लिहिली, आणि व्हीब्लँक मध्येच आला. आता इव्हेंट निघून गेलेला असतो पण हार्डवेअर अजून पूर्ण एक फ्रेम जुनाच बफर वाचणार असते. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी गंभीर आहे, कारण कंपोझिटर त्या इव्हेंटवर विश्वास ठेवून जुन्या बफरवर लगेच रंगकाम सुरू करतो. नुसता क्रम बदलून यातून सुटका नाही. दोन्ही कृतींच्या मध्ये व्हीब्लँक येणारच नाही अशी तजवीज करावी लागते, किंवा लॅच झाल्याचे हार्डवेअरला विचारावे लागते.

ही शर्यत टेबलावर का सापडत नाही, तेही पाहा. रजिस्टरे लिहायला २० मायक्रोसेकंद लागतात आणि कमिट फ्रेममध्ये कुठल्याही क्षणी येतो असे धरले, तर १६,६६७ मायक्रोसेकंदांच्या फ्रेममध्ये ही खिडकी सुमारे ०.१२ टक्के आहे, म्हणजे साधारण ८३३ फ्लिपांत एकदा, किंवा अखंड फ्लिप चालू असताना सुमारे १४ सेकंदांत एकदा चूक व्हावी. परंतु चाचणीचे साधे कार्यक्रम मागच्या फ्लिपचा इव्हेंट मिळाला की लगेच पुढचा कमिट पाठवतात, त्यामुळे कमिट नेहमी फ्रेमच्या सुरुवातीला येतो आणि खिडकीपर्यंत पोहोचतच नाही. खऱ्या वापरात जीपीयूचा फेन्स फ्रेमच्या कुठल्याही भागात सुटतो आणि मग चूक दिसू लागते.

हार्डवेअरमध्ये गो बिट असेल तर क्रम असा ठेवावा:

१. व्हीब्लँकचा संदर्भ घ्या, म्हणजे इंटरप्ट चालू राहील. हे काम पुढील लॉकच्या बाहेर करा.
२. पत्ता, पिच (एका ओळीची बाइटांतील लांबी), स्थान, स्केलर अशी सर्व शॅडो रजिस्टरे लिहा. गो बिट अजून लिहिलेला नसल्यामुळे येथे घाई नाही.
३. डिव्हाइसचा इव्हेंट लॉक इंटरप्ट बंद ठेवून घ्या.
४. गो बिट लिहा आणि एक रजिस्टर परत वाचा.
५. इव्हेंटचा पॉइंटर सीआरटीसीच्या तुमच्या स्वतःच्या रचनेत ठेवा आणि स्टेटमधला पॉइंटर रिकामा करा.
६. लॉक सोडा.

येथे मी इव्हेंट आर्म न करता स्वतःकडे ठेवायला सांगितले आहे, कारण इंटरप्ट हँडलर त्याच लॉकखाली फ्लिप पेंडिंग बिट तपासून मगच तो पाठवू शकतो. गो बिट लिहिल्यावर लगेच व्हीब्लँक आला तरी हँडलर लॉकपाशी थांबतो, लॉक मिळाल्यावर त्याला पॉइंटरही दिसतो आणि बिट उतरलेलाही दिसतो. बिट अजून चढलेला असेल तर तो काही न पाठवता पुढच्या व्हीब्लँकची वाट पाहतो. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष बरोबरच निघतो.

गो बिट नसेल आणि प्रत्येक रजिस्टर स्वतंत्रपणे लॅच होत असेल, तर सुरक्षित खिडकी शोधावी लागते. चालू ओळ वाचा. व्हीब्लँक सुरू व्हायला ठरावीक मायक्रोसेकंदांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर तो उलटून जाईपर्यंत थांबा. मग या सीपीयूवरील इंटरप्ट बंद करून सर्व रजिस्टरे एका दमात लिहा आणि तिथेच इव्हेंट आर्म करा. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये हे अंतर १०० मायक्रोसेकंद धरलेले आहे. टप्पा १ मधील टायमिंगमध्ये १०० मायक्रोसेकंद म्हणजे जवळपास ७ ओळी, म्हणून ओळी ० पासून मोजल्यास १०७३ ते १०७९ या पट्ट्यात लेखन सुरू करायचे नाही. लेखन संपल्यावर हार्डवेअरचा फ्रेम काउंटर असेल तर तो पुन्हा वाचून तो बदललेला नाही ना हे पाहावे, आणि बदललेला असल्यास तशी नोंद लॉगमध्ये करावी. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

*सावधान:* चौसष्ट बिटांचा पत्ता दोन बत्तीस बिटांच्या रजिस्टरांत विभागलेला असेल आणि गो बिट नसेल, तर दोन लेखनांच्या मध्ये लॅच झाल्यास हार्डवेअर तिसऱ्याच पत्त्यावरून वाचू लागते. अनेक डिस्प्ले इंजिनांत ठरावीक एका रजिस्टरचे लेखनच बाकी सर्वांना पात्र ठरवते. तसे असेल तर ते रजिस्टर नेहमी शेवटी लिहा आणि हा नियम कोडमध्ये टिप्पणी करून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस रजिस्टरांचा क्रम वर्णानुक्रमे लावून मोकळा होईल.

टप्पा ६: इंटरप्ट हँडलरमधला क्रम

१. इंटरप्टची स्थिती वाचा आणि लगेच ती पुसा. काम संपल्यावर पुसलीत तर मधल्या काळात आलेला नवा इंटरप्टही त्याच लेखनाने पुसला जाईल.
२. डीआरएमचे व्हीब्लँक हाताळणारे फंक्शन बोलवा. त्यामुळे काउंटर आणि टाइमस्टॅम्प अद्ययावत होतात.
३. इव्हेंट लॉक घ्या, साठवलेला इव्हेंट आहे का आणि लॅच झाले आहे का हे पाहा. दोन्ही असेल तर इव्हेंट पाठवा, पॉइंटर रिकामा करा आणि टप्पा ५ मध्ये घेतलेला व्हीब्लँकचा संदर्भ परत द्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीची अदलाबदल केल्यास इव्हेंटमध्ये मागच्या फ्रेमचा क्रमांक आणि वेळ जाते, आणि व्हिडिओ चालवणारे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम एकने चुकीची मोजते.

संदर्भ परत देण्याबाबत फार गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. इव्हेंट आर्म केला असेल तर तो पाठवताना डीआरएम स्वतः संदर्भ परत देते आणि तुम्ही तो देऊ नये. इव्हेंट स्वतः पाठवला असेल तर तो तुम्हीच परत द्यायचा असतो. दोनदा दिला तर कर्नल इशारा देतो, त्यामुळे ती चूक लपत नाही. मुळीच न दिला तर मात्र इंटरप्ट कायम चालू राहतो आणि तक्रार बॅटरी लवकर संपण्याची येते, जिचा फ्लिपशी संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

टाइमस्टॅम्प म्हणजे इंटरप्ट आल्याची वेळ नव्हे. डीआरएममध्ये तो नवीन फ्रेमचा पहिला दृश्य पिक्सेल बाहेर पडण्याच्या क्षणाचा असावा अशी अपेक्षा आहे, आणि स्कॅनआउटची स्थिती सांगणारे फंक्शन तुम्ही दिले तर हेल्पर ती दुरुस्ती स्वतः करतो. हे फंक्शन लिहिण्याचा अर्धा दिवस वाचवू नका.

*पडताळणी:* डीआरएमच्या डीबग मास्कमध्ये ०x२० हा बिट चालू करा आणि सलग १००० इव्हेंटांच्या टाइमस्टॅम्पांतील फरक काढा. स्थिर रिफ्रेश दरावर तो फ्रेमच्या काळाइतका किंवा त्याच्या पूर्ण पटीत असायला हवा. शेकडो मायक्रोसेकंदांचा चढउतार दिसत असेल तर तुम्ही इंटरप्टचा विलंब मोजत आहात.

टप्पा ७: जुना बफर कधी सोडायचा

जुन्या बफरचे पिन काढणे, आयओएमएमयूमधील मॅप काढणे आणि युजरस्पेसला तो मोकळा झाल्याचे कळवणे ही तिन्ही कामे लॅचनंतरच. डीआरएमच्या कमिटच्या शेपटात यासाठी क्रम ठरलेला आहे: हार्डवेअरवरील लेखन संपल्याचे जाहीर करायचे, मग फ्लिप पूर्ण होण्याची वाट पाहायची, मग प्लेन आवरायचे. येथे केवळ एखाद्या व्हीब्लँकची वाट पाहणारा हेल्पर वापरणे पुरेसे नसते, कारण आलेला व्हीब्लँक तुमच्या लॅचचाच होता याची त्यात हमी नसते. फ्लिप पूर्ण झाल्याची वाट पाहणारा हेल्पर तुमच्या इव्हेंटशी बांधलेला असतो, म्हणून तोच घ्यावा. तो १० सेकंद थांबतो आणि मग फ्लिप वेळेत पूर्ण न झाल्याचा संदेश लॉगमध्ये टाकतो. हा संदेश दिसला की मुदत वाढवायची नाही. इव्हेंट कुठे हरवला ते शोधायचे.

कमांड मोडच्या पॅनेलवर हा नियम थोडा बदलतो. अशा पॅनेलमध्ये स्वतःची मेमरी असते आणि टेअरिंग इफेक्टचा सिग्नल आल्यावर ड्रायव्हर फ्रेम तिकडे पाठवतो. तिथे सिग्नल आला म्हणजे बफर मोकळा झाला असे नसते, त्या क्षणी तर वाचन नुकतेच सुरू होते. पाठवणे संपल्याचा इंटरप्ट येईपर्यंत तो बफर हार्डवेअरचाच असतो.

व्हीब्लँकची वाट न पाहणाऱ्या असिंक फ्लिपमध्येही तसेच आहे. दुभंगलेले चित्र तिथे मान्य केलेले असले तरी जुना बफर लवकर सोडणे मान्य केलेले नसते. फ्लिप झाल्याची हार्डवेअरची खूण आल्यावरच इव्हेंट पाठवा.

*पडताळणी:* चाचणीपुरता असा बदल करा की बफर सोडताच आयओएमएमयूमधील त्याचा मॅप लगेच काढला जाईल. बफर लवकर सोडला जात असेल तर डोळ्यांना न दिसणारी चूक आयओएमएमयूच्या फॉल्टच्या रूपाने पत्त्यासकट लॉगमध्ये येते. एका प्रकल्पात तीन आठवडे न सापडलेला दोष मला या बदलाने पहिल्या तासात सापडला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक नवीन ड्रायव्हरवर मी हीच तपासणी सर्वांत आधी करतो.

टप्पा ८: बंद करतानाही लॅच असतो

प्लेन बंद करण्याचे लेखनही शॅडो रजिस्टरातच जाते आणि पुढच्या लॅचपर्यंत हार्डवेअर तो बफर वाचतच राहते. प्लेन बंद झाला म्हणून बफर त्याच क्षणी सोडणे ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते, कारण ‘बंद’ या शब्दात सगळे संपल्याचा भास असतो.

संपूर्ण सीआरटीसी बंद करताना आधी व्हीब्लँकची यंत्रणा बंद करण्याचे फंक्शन बोलवावे आणि मग क्लॉक काढावा. चालू करताना याच्या उलट, हार्डवेअर प्रत्यक्ष फ्रेम देऊ लागल्यावरच यंत्रणा चालू करावी. बंद करणारे फंक्शन डीआरएमकडे आर्म केलेले इव्हेंट स्वतः पाठवून मोकळे होते, पण टप्पा ५ मध्ये तुम्ही स्वतःच्या रचनेत ठेवलेल्या इव्हेंटची त्याला माहिती नसते. तो इव्हेंट, आणि बंद होणाऱ्या स्टेटसोबत आलेला इव्हेंटही, तुम्हीच पाठवायचा असतो. टप्पा ७ मधील १० सेकंदांचा संदेश बहुतेक वेळा स्क्रीन बंद-चालू करताना दिसतो तो यामुळेच.

टप्पा ९: चूक मुद्दाम घडवून पाहा

दोन रंग आळीपाळीने दाखवणारी चाचणी फारसे काही सिद्ध करत नाही. उभी बारीक पट्टी वेगाने आडवी सरकवली तर दुभंग लगेच दिसतो. आणि प्रत्येक बफरच्या पहिल्या व शेवटच्या ओळींत फ्रेमचा क्रमांक रंगाच्या रूपात लिहिला तर वेगवान कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रात दोन्ही जुळतात की नाही हे पाहता येते. हार्डवेअर फ्रेमचा सीआरसी (पिक्सेलांवरून काढलेला तपासणी-अंक) देत असेल तर डोळे आणि कॅमेरा दोन्ही बाजूला ठेवा आणि प्रत्येक फ्रेमचा सीआरसी अपेक्षित मूल्याशी ताडून पाहा.

मोडटेस्ट या चाचणी-साधनातील व्हीसिंक फ्लिपचा पर्याय ही पहिली पायरी, आणि आयजीटी या चाचणी-संचाच्या फ्लिप, व्हीब्लँक व अ‍ॅटॉमिक संक्रमणाच्या चाचण्या ही दुसरी. त्या पास झाल्यावर खरी परीक्षा घ्या. टप्पा ५ मधील प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये आळीपाळीने विलंब घाला: लॉकच्या बाहेर पूर्ण एका फ्रेमचा, आणि लॉकच्या आत फक्त चाचणीपुरता व्हीब्लँकपेक्षा मोठा. प्रत्येक विलंबासह वरच्या सर्व चाचण्या पुन्हा चालवा, सोबत सीपीयू आणि मेमरीवर भार ठेवा, आणि मध्येमध्ये स्क्रीन बंद-चालू करत राहा. क्रम बरोबर असेल तर फ्रेम उशिरा दिसतील, काही गळतीलही, पण दुभंगलेली फ्रेम, आयओएमएमयूचा फॉल्ट किंवा हरवलेला इव्हेंट यांपैकी काहीही येता कामा नये. यांपैकी एक जरी आले तर कोणता विलंब घातल्यावर आले ते पाहा. त्या विलंबाच्या आधीची आणि नंतरची पायरी यांच्यातच दोष असतो.